सॉलिसिटर: कायद्याच्या पदवीआधीची वाट

इंग्लंडमध्ये इतिहास, रसायनशास्त्र किंवा संगीत घेऊन पदवी मिळवलेल्यांनाही सॉलिसिटर होता येते, हे ऐकून आपल्याकडे भुवया उंचावतात. एलएलबीशिवाय वकिली? ही अलीकडची सवलत असावी, असे वाटते. खरे तर हीच वाट जुनी; कायद्याची पदवी मागाहून आली.

1729 च्या कायद्याने अ‍ॅटर्नी आणि सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्यांना पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. लेखी करार व्हायचा, घरचे लोक वकिलाला चांगली रक्कम मोजायचे आणि पोरगा ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून कामाला बसायचा. दस्तांच्या नकला उतरवायच्या, मिळकतीचे जुने कागद लावायचे, कोर्टात कागद दाखल करायचे. हेच त्याचे शिक्षण. एका वकिलाकडे एका वेळी दोनच उमेदवार, असेही बंधन होते. आपल्याकडच्या सीएंची आर्टिकलशिप याच कुळातली.

1821 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनच्या पदवीधरांना पाचाऐवजी तीन वर्षांची उमेदवारी पुरेशी ठरली. ऑक्सफर्डला इंग्लिश कायद्याचे अध्यासन 1758 मध्ये कायदेपंडित ब्लॅकस्टनपासून सुरू झाले होते खरे, पण बहुतेक पदवीधर बाहेर पडत ते ग्रीक, लॅटिन नाहीतर गणित शिकून. म्हणजे पदवीची पहिली सूट मिळाली ती मुख्यतः कायदा न शिकलेल्यांनाच! कायद्याची जाण तपासण्यासाठी 1836 पासून परीक्षा आली.

चित्र पालटले विसाव्या शतकात. कायद्याच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या 1971 च्या ऑर्मरॉड समितीने कायद्याची पदवी हा नेहमीचा मार्ग मानला, मात्र इतरांसाठी दार उघडे ठेवले. त्यातून त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कॉमन प्रोफेशनल एक्झामिनेशन’ सुरू झाली. करार, अपकृत्य (टॉर्ट), फौजदारी, जमीन, ट्रस्ट, संविधान हा सारा पाया साधारण वर्षभरात पक्का करायचा. पुढे तिचीच ओळख ‘ग्रॅज्युएट डिप्लोमा इन लॉ’ अशी झाली.

2021 मध्ये ‘सॉलिसिटर्स क्वालिफायिंग एक्झामिनेशन’ म्हणजे एसक्यूई आली. तिच्या पहिल्या टप्प्यात 360 प्रश्न असतात. प्रत्येकाला पाच पर्याय, त्यांतला सर्वांत योग्य निवडायचा. कोणत्याही विषयाची पदवी चालते, पण दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव चुकत नाही.

मुंबईतही आर्टिकल्ड क्लार्कची परंपरा आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा टिकून आहे. पण भारतात वकिलीला कायद्याची पदवी लागतेच.

इंग्लंडमध्ये या वाटेवर खरा अडसर विषयाचा नव्हता, पैशाचा आणि ओळखीपाळखीचा होता. आधी करारासाठी मोजायची रक्कम, नंतर एखाद्या फर्मने दिलेली प्रशिक्षणाची जागा. आता चार ठिकाणांपर्यंतचा अनुभव जोडता येतो, त्यात कायदा मदत केंद्रातले कामही धरले जाते. परीक्षेची फी आजही जड आहे. ती हलकी झाली, तर ही जुनी वाट खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.