जुन्या वाद्यांची वहिवाट

ज्या व्यवहारांतून सरकारला महसूल मिळाला त्यांची दफ्तरे राहिली, आणि ज्यांतून केवळ माणसांचा निर्वाह झाला किंवा हौस भागली त्यांच्या नोंदी, कोणी मुद्दाम नष्ट केल्या नसतानाही, त्या माणसांबरोबरच नाहीशा झाल्या, हा इतिहासाच्या अभ्यासकाला पदोपदी येणारा अनुभव आहे. मुंबईच्या उपनगरांत जुन्या वाद्यांची, आणि अलीकडे घरगुती ध्वनिमुद्रणाच्या साहित्याची, जी खरेदी-विक्री चालत आली आहे ती या दुसऱ्या वर्गात मोडते. कांदिवलीत तिला ना स्वतंत्र पेठ आहे, ना ठरलेला बाजाराचा वार. तरीही वापरलेली गिटार, जुना कीबोर्ड, पहिल्या मालकाच्या हातून सुटलेला मायक्रोफोन ही साधने एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिली आणि त्यांच्याबरोबर विद्याही गेली. त्या वहिवाटीचा माग लागतो तेवढा काढावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या नादवस्तूला नवा धनी मिळणे ही गोष्ट या प्रांताला अपरिचित नव्हे. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या अमलाखालील मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, त्याच शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी कांदिवलीच्या उत्तरेस मंडपेश्वराच्या लेण्यांत आपले प्रार्थनास्थळ मांडले, आणि त्यांच्या मागोमाग पाश्चात्त्य स्वररचना साष्टीच्या ख्रिस्ती गावठाणांत रुजली. पुढे १७३७ साली साष्टी आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांच्या हाती आली, तेव्हा तिकडच्या गिरिजाघरांतील घंटा देशावर नेऊन देवळांत टांगल्या गेल्या. त्यांपैकी नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हा सन ओतलेला आहे, आणि त्या एका आकड्याच्या आधारे तिचे पूर्वचरित्र आज सांगता येते. अंगावर सन नसलेल्या वस्तूंचे चरित्र तितक्या सहजासहजी हाती लागत नाही.

मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरलेले पहिले परदेशी कुळातील वाद्य म्हणजे पेटी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता चालविण्याची हार्मोनियम सिद्ध केली; १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि संगीत नाटकाच्या त्या बहरात पेटीला जे स्थान मिळाले त्यामुळे ती दिवाणखान्यापर्यंत पोहोचली. जुन्या मालाची परीक्षा म्हणजे काय, हे मराठी माणूस या पेटीवरच शिकला. कारण पेटीचे लाकूड आणि भाता कालांतराने कामातून जातो, पण आतील पितळी रीड टिकतात, आणि पॅरिसच्या कॅस्रिएल किंवा जर्मनीच्या ज्युबिलेट रीडची कीर्ती अशी की मोडकळीस आलेली पेटी केवळ तेवढ्यासाठी विकत घ्यावी आणि ते रीड नव्या पेटीत बसवून तिचे मोल वाढवावे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी रीड दुर्मिळ झाले, सौराष्ट्रातील पालिताण्याचे कारागीर पुढे आले, तरी जुन्या जर्मन रीडची पृच्छा थांबली नाही. वस्तूची किंमत तिच्या वयाने नेहमी घटतेच असे नाही, हा पुढे गिटारीच्या बाबतीत उपयोगी पडलेला धडा पेटीने आधीच देऊन ठेवला होता.

गिटार कांदिवलीत आली ती मुख्यतः रेल्वेच्या वाटेने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरारपर्यंतची उपनगरी वाहतूक १८६७ साली सुरू झाली, कांदिवलीचे स्थानक १९०७ साली झाले, १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली, आणि १९५७ साली ही गावे बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. वाद्यांशी संबंध असलेले शहरातील तीनही बाजार याच एका मार्गाच्या आधाराने आहेत: मरीन लाइन्सला उतरावे तर धोबी तलाव, ग्रँट रोडला उतरावे तर एका बाजूस विजेच्या सुट्या भागांसाठी विख्यात असलेला लॅमिंग्टन रोड आणि थोडे पुढे भेंडी बाजाराकडचा चोर बाजार. त्यामुळे कांदिवलीकराने नवे वाद्य धोबी तलावावर केवळ पाहावे, त्याचा सुटा भाग लॅमिंग्टन रोडवर शोधावा, आणि प्रत्यक्ष वाद्य मात्र ओळखीच्या माणसाकडून जुने घ्यावे, असा क्रम पडून गेला.

धोबी तलावाचे महत्त्व दुकानांपुरते मर्यादित नव्हते. फुर्तादो यांचे वाद्यविक्रीचे घराणे १८६५ पासूनचे, आणि तेथील जेर महाल इमारतीत व आसपास गोव्यातील गावोगावच्या मंडळींनी चालविलेले ‘कूड’ नावाचे निवासी क्लब होते. गोव्याच्या ग्रामशाळांतून स्वरलिपी शिकून आलेले वादक या कुडांत उतरत आणि तेथून हॉटेलांच्या बँडमध्ये, पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे त्या परंपरेतीलच आहेत. चित्रपटाचा धंदा मालाडच्या बॉम्बे टॉकीज आणि गोरेगावच्या फिल्मिस्तानमुळे उपनगरांकडे सरकला, तसे वादकही वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत पांगले. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, तेव्हा हे वाद्य गावठाणाबाहेरच्या चाळींतील तरुणांनाही हवेसे वाटू लागले.

परंतु हवेसे वाटणे आणि मिळणे यांत सरकारचा परवाना उभा होता. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानंतर परदेशी चैनीची वस्तू उघडपणे आणणे जवळजवळ अशक्य झाले, आणि आयातकराचा सर्वोच्च दर १९९१ च्या सुधारणांच्या तोंडावर तीनशे टक्क्यांच्या वर गेलेला होता. या चार दशकांत परदेशी गिटार देशात येण्याचे मार्ग मोजके होते: जहाजावर नोकरी करणारा खलाशी, आखाती देशांतून परतलेला आप्त, स्वदेशी जाताना सामान विकणारा परदेशी अधिकारी, किंवा जकात चुकवून आलेला आणि मनीष मार्केटसारख्या ठिकाणी विकला जाणारा माल. अशा रीतीने आलेली वस्तू तिच्या मायदेशी जुनी म्हणून स्वस्त असली तरी येथे जुनी असूनही महाग होई, आणि दहा वर्षे वाजवूनही खरेदीच्या किमतीला विकली जाई. या विपरीत हिशेबामुळेच मालक ती जिवापाड सांभाळी. आणखी एक अडचण विजेची होती. जपानचा दाब शंभर व्होल्ट, अमेरिकेचा एकशेवीस आणि आपला दोनशेतीस, तेव्हा मधे ट्रान्सफॉर्मर न घालता जोडलेला परदेशी अ‍ॅम्प्लिफायर पहिल्याच संध्याकाळी जळून जाई, आणि त्याचा आतील ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर हा या व्यवहारातील एक आवश्यक पुरुष होऊन बसला.

ज्यांना एवढे परवडत नसे त्यांच्यासाठी कलकत्ता होते. गिव्हसन, गिबटोन, हॉबनर या कलकत्त्याच्या गिटारींवर भारतातील दोन-तीन पिढ्या शिकल्या. बोटांना घट्टे पाडणाऱ्या त्यांच्या उंच तारांबद्दल वादकांनी जेवढी तक्रार केली तेवढीच नंतर कृतज्ञताही व्यक्त केली. येथे एक विरोधाभास नमूद करण्यासारखा आहे. ब्राझीलचे रोजवुड दुर्मिळ झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ च्या अखेरीस आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसवाचा अवलंब केला. म्हणजे दक्षिण भारतातील अरण्यांतले लाकूड समुद्रापार जाऊन वाद्य होत होते, आणि ज्या भूमीत ते वाढले तेथील मुलाला त्या वाद्याचे दर्शन एखाद्या खलाशाच्या कृपेनेच घडत होते.

जुनी गिटार पारखण्याचे शास्त्र मुंबईच्या हवेने घडविले. चार महिन्यांच्या दमट पावसाळ्यात लाकूड फुगते, सरस ढिला पडतो, नेक वाकते आणि ब्रिज मागच्या कडेने उचलला जातो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तारा, ट्यूनिंगच्या चाव्या आणि पिकअपचे खिळे गंजतात. म्हणून जाणता गिऱ्हाईक वाजविण्यापूर्वी गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून नेक सरळ आहे की नाही हे पाही, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची तपाशी, नेकमध्ये ट्रस रॉड आहे काय आणि असल्यास फिरतो काय हे विचारी, आणि मगच किमतीचा विषय काढी. या तपासणीच्या निमित्ताने जे बोलणे होई तेच नवशिक्याचे शिक्षण असे. विकणारा कोणता दोष कबूल करतो, कोणता गिळतो, घेणारा कोणता दोष मुद्दाम वाढवून सांगतो, हे ऐकत बाजूस बसलेला मुलगा वाद्याची रचना एखाद्या वर्गापेक्षा अधिक नेमकेपणाने शिके. आणि सौदा फिसकटला तरी त्याचे शिक्षण फुकट जात नसे.

चोर बाजाराची कथा या संदर्भात हमखास सांगितली जाते. व्हिक्टोरिया राणीचे व्हायोलिन जहाजावरून उतरविताना गहाळ झाले आणि या बाजारात विक्रीस आढळले, अशी ती आख्यायिका आहे. राणीने हिंदुस्थानात कधी पाऊलच ठेवले नाही, ही वस्तुस्थिती सांगणाऱ्यांच्या मार्गात आड येत नाही. तथापि आख्यायिकेच्या मुळाशी असलेली शंका खरी होती. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा १८६० च्या दंडसंहितेच्या ४११ व्या कलमाने दंडास पात्र होता, आणि जकात चुकवून आलेल्या वस्तूची पावती कोणाकडेच नसे. तेव्हा कागदाची जागा ओळखीने घेतली. अमक्याच्या भाच्याची, तमक्या चर्चमधील गायकवृंदात वाजविणाऱ्याची, एवढी ओळख हेच खरेदीखत ठरले. व्यवहार त्यामुळे सुरक्षित झाला, पण त्याचा लेखी पुरावा कायमचा बुडाला.

दरम्यान कांदिवली बदलत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास जागतिक बँकेच्या साह्याने म्हाडाने चारकोप येथे लहान लहान भूखंड पाडून वसाहत उभारली, गिरणगावातील आणि दादर-परळकडील कुटुंबे तिकडे राहावयास आली, आणि त्यांच्याबरोबर गणेशोत्सवाचा व हळदीच्या रात्रीचा निराळा वाद्यव्यवहार आला. जपानमधील नागोया शहरी १९१२ साली निघालेल्या तैशोगोतो वाद्यापासून आपल्याकडे बुलबुलतरंग झाला, त्याला विजेची जोड मिळून मुंबईचा ‘बेंजो’ झाला, आणि १९८५ साली रोलँड कंपनीने आणलेल्या ऑक्टापॅडने बेंजो पार्टीचा ताल आपल्या ताब्यात घेतला. ऑक्टापॅड नवा घेणे एका पथकाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने तो वर्गणीने जुना घ्यावा, दोन हंगाम वाजवावा आणि पुढच्या पथकाला द्यावा, हा परिपाठ पडला. गिटारीचा व्यवहार हौशी व्यक्तींचा होता, हा मंडळांचा झाला. पण रीत तीच राहिली.

त्याच काळात ध्वनिमुद्रणाची सत्ता स्टुडिओकडून घराकडे सरकू लागली. टियाक कंपनीने १९७९ साली साध्या कॅसेटवर चार पट्ट्यांत मुद्रण करणारे पोर्टास्टुडिओ यंत्र काढले; त्याच्यावर घरी केलेल्या मुद्रणातून अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा संग्रह सिद्ध झाला. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडणारा मिडी हा सर्वमान्य संकेत ठरला. १९९० नंतर संगणक आणि सिंथेसायझर यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील मोठे वाद्यवृंद मोडीत काढले. ज्या घरांची उपजीविका व्हायोलिनवर चालत होती त्यांना दुसरी वाट शोधावी लागली, आणि त्याच संगणकाच्या साह्याने कांदिवलीतील दोन खोल्यांच्या घरात गाद्या भिंतीस लावून गाणे मुद्रित करणारा एक नवा वर्ग उदयास आला.

या वर्गाच्या जुन्या बाजारात मात्र एक मूलभूत फरक पडला. गिटार वयाने मुरते. १९६० च्या दशकातील शुअर कंपनीचे मायक्रोफोन आजही कामास येतात. मिडीचा संकेत स्थिर राहिल्याने चाळीस वर्षांचा कीबोर्ड आजच्या संगणकाशी बोलू शकतो. उलट, ध्वनी संगणकात नेणारा इंटरफेस शरीराने धडधाकट असूनही त्याच्या कंपनीने चालक-प्रणाली अद्ययावत करणे थांबविले की निकामी होतो; फायरवायर जोडणीची कितीतरी उत्तम यंत्रे अशी अकाली वारली. त्यामुळे आजचा गिऱ्हाईक नेक वाकली आहे काय हे विचारण्याऐवजी हे यंत्र कोणत्या संगणकावर चालते, अठ्ठेचाळीस व्होल्टचा पुरवठा मायक्रोफोनला पोहोचतो काय, आवाजाची खुंटी फिरविताना खरखर येते काय, हे विचारतो. जुन्या मालाची परीक्षा लाकडाकडून कागदी तपशिलाकडे आली, आणि नेमका तोच तपशील विक्रेत्याजवळ बहुधा नसतो.

या सर्व व्यवहाराचा निष्कर्ष आमच्या मते असा की, उपनगरांतील पाश्चात्त्य वाद्यांचा प्रसार नव्या मालाच्या दुकानांपेक्षा जुन्या मालाच्या हस्तांतराने अधिक झाला. दुकानाने वस्तू दिली. हस्तांतराने वस्तूबरोबर तिला वापरण्याची, दुरुस्त करण्याची आणि तिच्याविषयी बोलण्याची रीत दिली. पेशव्यांच्या दफ्तराचा रास्त अभिमान बाळगणाऱ्या समाजाने या व्यवहाराची एकही वही ठेवली नाही, याला टंचाईच्या काळातील भीती हे कारण होते. ती भीती आता उरलेली नाही. तेव्हा कांदिवलीतील असो वा अन्य कोठलीही, जुनी गिटार किंवा मुद्रणयंत्र विकणाऱ्याला आमची विनंती आहे की, वस्तू कोणत्या साली आणि कोणाकडून घेतली, तिच्यात कोणता भाग कधी बदलला, आणि तिच्यावर काय वाजविले, एवढा मजकूर एका कागदावर लिहून, खाली सही व तारीख घालून, तो वस्तूच्या पेटीत ठेवावा; आणि घेणाऱ्याने त्यात आपली एक ओळ जोडल्याशिवाय ती पुढे देऊ नये.