अस्वलाच्या वाटेवर बंदूक

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. अमेरिकेच्या वायव्येकडील डोंगरांत, जिथे ग्रिझली अस्वले हिंडतात, तिथे पायी भटकणाऱ्याने बंदूक जवळ ठेवलीच पाहिजे असे मानणारे पुष्कळ आहेत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडूनही यलोस्टोनला निघताना हा सल्ला ऐकू येतो. त्यांचे म्हणणे असे: तिखटाच्या अर्काचा फवारा जेमतेम आठ-दहा मीटर जातो, वारा फिरला तर तो आपल्याच डोळ्यांत येतो, आणि चवताळलेल्या अस्वलाला कायमचे थांबवण्याची ताकद फक्त गोळीत आहे. दाखला म्हणून ते कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानाकडे बोट दाखवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे एक जोडपे आणि त्यांचा कुत्रा ग्रिझलीच्या हल्ल्यात मेले, आणि फवाऱ्याचा रिकामा झालेला डबा तिथेच सापडला. शिवाय २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत बंदूक नेता येते. म्हणजे सरकारनेच ही गरज मान्य केली, असा त्यांचा निष्कर्ष.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो सर्वांत कच्चा आहे. पूर्वी उद्यानात बंदूक न्यायची तर ती रिकामी करून, चटकन हाताला लागणार नाही अशी ठेवावी लागे. हा निर्बंध उठवणारे कलम अमेरिकी काँग्रेसने मे २००९ मध्ये संमत केले, तेही क्रेडिट कार्डधारकांच्या संरक्षणाच्या कायद्याला जोडून. २२ फेब्रुवारी २०१० रोजी ते अमलात आले. त्यामागे शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्काचा प्रश्न होता, अस्वलांचा नव्हे. आणि कलमाने दिले काय? उद्यान ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल तर शस्त्र जवळ ठेवण्याची मुभा, एवढेच. यलोस्टोन वायोमिंग, मोन्टाना आणि आयडाहो या तीन राज्यांत पसरलेले असल्याने तिथे एकाच उद्यानात तीन कायदे पाळावे लागतात. गोळी झाडण्यावरची बंदी मात्र उठली नाही. उद्यानाच्या सरकारी इमारतींत शस्त्र नेणे आजही गुन्हा आहे. जीव वाचवण्यासाठी ग्रिझली मारावे लागले तर कायदा तो बचाव मानतो, पण त्याची खबर द्यावी लागते आणि चौकशीला सामोरे जावे लागते. बाळगण्याची परवानगी ही वापरण्याची शिफारस आहे असे समजणे ही या समजाच्या मुळाशी असलेली चूक आहे.

आता अनुभवाचा पुरावा. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास प्रसिद्ध केले. २००८ च्या अभ्यासात फवाऱ्याच्या ८३ घटना होत्या. तपकिरी अस्वलाचे (ग्रिझली त्यांतलेच) नको ते वर्तन फवाऱ्याने ९२ टक्के वेळा थांबले, आणि जवळून गाठ पडलेल्या फवारेधारकांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात १८८३ ते २००९ या काळातल्या बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या. त्यांत पिस्तुलाचे यश ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकीचे ७६ टक्के होते.

इथे माझ्याच बाजूचे काही लोक ९२ आणि ८४ शेजारी-शेजारी ठेवून निकाल लावून टाकतात. ते मला मान्य नाही. फवाऱ्याच्या घटनांत नुसत्या कुतूहलाने जवळ आलेली अस्वलेही मोजलेली आहेत. बंदुकीच्या घटनांमागची परिस्थिती पुष्कळदा वेगळी होती. असमान गोष्टींची टक्केवारी ताडून पाहणे हा पुरावा नव्हे. खरा पुरावा दुसऱ्या अभ्यासाच्या पोटात आहे: जवळच्या गाठीत बंदूकधाऱ्यांना इजा होण्याचे प्रमाण त्यांनी बंदूक वापरली तेव्हा आणि वापरली नाही तेव्हा सारखेच निघाले. बंदूक कोणत्या प्रकारची, गोळ्या किती झाडल्या, यांवरून निष्पत्तीचा अंदाज बांधता आला नाही. अस्वले मात्र ६१ टक्के घटनांत मेली.

असे का होते? ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते. तीस मीटरवरच्या झुडपातून ते अस्वल निघाले तर तुमच्या हातात दोनेक सेकंद असतात. तेवढ्यात पिस्तूल काढायचे, त्याची सुरक्षा-कळ सोडवायची आणि उसळत येणाऱ्या डोक्यावर नेम धरायचा. निष्णात माणसालाही हे साधेलच असे नाही. म्हणूनच संशोधकांनी बंदुकीवर फक्त ती चालवण्यात तरबेज असलेल्यांनी भिस्त ठेवावी असे लिहिले. फवाऱ्याला इतका नेम लागत नाही, त्याचा ढग वाटेत उभा राहतो. त्याहून मोठे कारण असे की पिल्लांच्या आईची धाव पुष्कळदा नुसती हूल असते. ती थांबते, वळते, निघून जाते. जखमी करणारी गोळी ही शक्यताच संपवते.

बान्फची घटना मी टाळत नाही. फवारा अचूक नाही हे ती सिद्ध करते. तिथे बंदूक असती तर ते दोघे वाचले असते, हे मात्र ती सिद्ध करत नाही.

एका ठिकाणी पूर्वपक्ष बरोबर आहे: नॉर्वेचे स्वालबार्ड. तिथे वस्तीबाहेर पडणाऱ्याकडे ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचे साधन असलेच पाहिजे, आणि बंदूक बाळगण्याची शिफारसही प्रशासनच करते. ध्रुवीय अस्वल माणसाकडे भक्ष्य म्हणून पाहू शकते आणि त्या उघड्या बर्फावर आडोसा नसतो. तरीही १९७३ पासून तिथे हे अस्वल संरक्षित आहे, आधी आवाजाने वा प्रकाशगोळ्याने पळवायचे आणि गोळी अगदी शेवटी. तिथला न्याय यलोस्टोनच्या गर्द पायवाटेला लावता येत नाही.

भटक्यांचा जीव खरोखर वाचवला तो अन्नासंबंधीच्या नियमांनी. १२-१३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन अस्वलांनी दोन तरुणींना मारले. त्यांतल्या एका ठिकाणी पाहुण्यांना अस्वले दिसावीत म्हणून उष्टे-खरकटे बाहेर टाकले जात असे. त्यानंतर कचरा आणि शिधा यांबाबतची शिस्त कडक झाली. आज यलोस्टोनमध्ये ग्रिझलीकडून इजा होण्याची शक्यता सुमारे २७ लाख भेटींमागे एक आहे. अलास्कात काटमाईच्या ब्रुक्स कॅम्पवर पोहोचताच प्रत्येकाला अस्वलांसमोर कसे वागायचे याचा छोटा वर्ग करावा लागतो, मगच पुढे सोडतात. मला हा नियम सर्व उद्यानांत हवा आहे.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शस्त्र बाळगणे आणि जीव वाचवणे यांतला फरक नेमका जपला आहे. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगडच्या अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही (कलम ३१), पण सद्भावनेने जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा ठरत नाही (कलम ११).

ग्रिझलीच्या मुलखात जाणाऱ्या मराठी वाचकाने एवढे करावे. फवारा अमेरिकेत विमानातून नेता येत नाही, ना हातातल्या पिशवीत ना सामानात. तो उद्यानाजवळ विकत वा भाड्याने घ्यावा. सॅकच्या तळाशी नव्हे, कमरेला अडकवावा, आणि चालायला लागण्याआधी त्याची सुरक्षा-कळ काढून पाहण्याचा सराव करावा. चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत चालावे. अस्वलापासून किमान ९१ मीटर लांब राहावे, फोटोसाठीसुद्धा जवळ जाऊ नये.