तळटीप १२ : ‘जबडा धरला’

१२. जबडा धरला : मुळशीच्या आजींचे हे बोल कानापुढच्या सांध्याविषयी आहेत. तिथे खालचा जबडा कवटीला मिळतो. मधली चकती सरकली की ‘कट’ असा आवाज येतो किंवा तोंड पुरते उघडत नाही. निखळलेला जबडा शेकून, जागी बसवून बांधण्याची रीत सुश्रुतसंहितेतही आहे. आज दंतवैद्य आधी मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची पट्टी सुचवतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. मुळशीकरांना अशा उपचारांसाठी पुण्यातली दंत महाविद्यालये जवळ आहेत. तोंड उघडे राहून मिटेनासे झाले, तर घरी ओढाताण करू नये; लगेच रुग्णालय गाठावे. – संपादक