चान्सेलर, चिटणीस आणि दफ्तर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका कॅथलिक कुटुंबात नातवाचे लग्न ठरले. धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागितला. आजोबांनी कपाटातून मुलाचा जुना दाखला काढून दिला, तो चालेना. आजोबा दुखावले. "आमच्या शब्दावर विश्वास नाही, निदान चर्चच्या शिक्क्यावर तरी असावा!" असे म्हणत त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वेळचे, पुणे धर्मप्रांताकडून आलेले परवानगीचे पत्र आमच्यापुढे ठेवले. माथ्यावर 'चान्सरी' आणि तळाशी 'चान्सेलर' असे छापलेले होते. आजोबांनी विचारले, "चान्सेलर म्हणजे कुलपती ना? मग बिशपांच्या कचेरीत विद्यापीठ कुठले?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 साली झाली, तेव्हापासून कोल्हापूरकरांना चान्सेलर हा शब्द कुलपती या अर्थानेच परिचित आहे. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती, आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे ते कुलगुरू. वृत्तपत्रांतून आपण जर्मनीच्या चान्सेलरविषयी वाचतो; तो तर शासनप्रमुख. ब्रिटनमध्ये अर्थमंत्र्याला चान्सेलर म्हणतात, आणि परदेशी वकिलातीच्या कार्यालयास चान्सरी. एकाच शब्दाची ही इतकी रूपे पाहून सामान्य माणूस गोंधळला तर नवल नाही.

या सर्वांचे मूळ लॅटिन भाषेतील 'कान्सेली' या शब्दात आहे. त्याचा अर्थ गजांची जाळी किंवा कठडा. रोमन न्यायसभेत न्यायाधीश आणि लोक यांच्यामध्ये असा कठडा असे व त्यापाशी जो सेवक उभा राही तो 'कान्सेलारियुस'. म्हणजे आजचा मोठा चान्सेलर मुळात दारापाशी उभा राहणारा मनुष्य होता! पुढे तो लेखनिक झाला, राजपत्रे लिहू लागला, मोहोर सांभाळू लागला. आणि ज्याच्या हाती मोहोर त्याच्या हाती सत्ता, या न्यायाने त्याचे पद वाढत गेले. चर्चमध्ये वेदीच्या भोवतालच्या जागेला इंग्रजीत 'चान्सेल' म्हणतात, तेही याच कठड्यावरून. ज्या कठड्यापाशी गुडघे टेकून आपल्या वडीलधाऱ्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला, तोच हा शब्द. लिहिलेला मजकूर आडव्या-तिरप्या रेघांनी खोडला की जाळीसारखा दिसतो, म्हणून रद्द करणे या अर्थाचा 'कॅन्सल' हा शब्दही त्याच घराण्यातला.

रोममध्ये पोपमहोदयांची पत्रे तयार करणारी चान्सरी कित्येक शतके काम करीत होती. पोप सहावे पॉल यांनी ती 1973 साली बंद करून तिचे काम राज्यसचिवालयाकडे सोपवले. धर्मप्रांताची चान्सरी मात्र टिकून आहे. 1983 च्या विधिसंहितेतील 482 व्या नियमानुसार प्रत्येक धर्मप्रांतीय कचेरीत चान्सेलर नेमावाच लागतो. त्याचे प्रमुख काम कोणते? कचेरीतील कागदपत्रे गोळा करणे, त्यांची व्यवस्था लावणे आणि ती दफ्तरखान्यात जपून ठेवणे. या पदावर धर्मगुरूच असला पाहिजे असेही नाही.

हे वर्णन वाचताना आम्हांला कुलपती आठवत नाहीत, आठवतात ते आपल्या मराठी दौलतीतले कारभारी. अष्टप्रधानांतील सचिव, ज्यांना पूर्वी सुरनीस म्हणत, ते राजपत्रे तपासून शुद्ध करीत. पत्रे लिहीत ते चिटणीस. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण चिटणीस आणि दफ्तर हे शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहीत. दफ्तर तर ग्रीकांकडून इराणमार्गे आले. त्याचा मूळ अर्थ कातडे, कारण पूर्वी लिहीत ते कातड्यावर. आज ते मुलांच्या पाठीवर आहे. कोल्हापूर संस्थानची मोडी कागदपत्रे याच शहरातील शासकीय पुरालेखागारात अभ्यासकांना पाहता येतात. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे आपण आज तारखेसह सांगू शकतो. आज्ञा देणारा राजा थोर होताच. पण ती लिहून जपणारे दफ्तर नसते, तर थोरवीची केवळ आख्यायिका उरली असती.

मग आजोबांचा जुना दाखला का चालला नाही? बाप्तिस्म्याची वही एकदा लिहून मिटत नाही. पुढे दृढीकरण झाले, विवाह झाला, कोणी धर्मगुरू झाला, की त्याची नोंद बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाच्या वहीत, मूळ नावासमोर करतात. लग्न कितीही दूर झाले तरी वार्ता तेथे कळवावी लागते. जुना दाखला त्या दिवसापुरते खरे बोलतो. नवा दाखला आजपर्यंतचे सांगतो. वधूची फसवणूक होऊ नये, एवढीच त्यामागची काळजी. त्यात अविश्वास नाही. वधूवर दोन निरनिराळ्या धर्मप्रांतांतले असले, तर कागद सामान्यतः चान्सरीमार्फत जातात. 2005 साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला आणि कोल्हापूर पुण्याकडून तिकडे गेले. म्हणून आजोबांच्या पत्रावरचा पत्ता वेगळा आणि नातवाच्या पत्रावरचा वेगळा.

चान्सरीला मराठीत काय म्हणावे? कुलपती कार्यालय तर नक्कीच नव्हे. 'धर्मप्रांतीय दफ्तर' म्हणावे आणि चान्सेलरला 'चिटणीस', असे आम्हांला वाटते. शब्द जुने आहेत, घरचे आहेत, आणि काम नेमके सांगतात. चान्सेलर हा बिशपांच्या दारातला अडसर नव्हे. कठडा लोकांना अडवतो खरा. पण अर्ज हाती द्यायला जागा तीच असते.

आजोबांनी हे सारे ऐकून घेतले, पत्राची घडी केली आणि विचारले, "म्हणजे माझ्या लग्नाची नोंदही माझ्या नावासमोर असेल?" असेल, आम्ही म्हणालो. नातवाच्या वडिलांच्या दाखल्यासोबत त्यांनी स्वतःच्याही दाखल्यासाठी अर्ज लिहिला.