अध्यासन आणि पायवाट

देशाटनाने माणसाला शहाणपण येते, ही आपल्याकडची जुनी समजूत. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून ती कधी ना कधी गेलेली असते. परंतु देशाटनाने माणूस सत्यनिष्ठही होतो काय? विशेषतः ज्याने इतिहास शिकविण्याचे व्रत घेतले आहे, त्याच्या प्रवासाचे मोल आपण कशावरून ठरवावे? त्याने किती देश पाहिले यावरून, की त्या देशांत कोणाची विचारपूस केली यावरून? विसाव्या शतकातील एका विख्यात इतिहासशिक्षकाच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते, असे आम्हांस वाटते. ते शिक्षक म्हणजे आर्नल्ड जोसेफ टॉयन्बी.

टॉयन्बी यांचा जन्म १४ एप्रिल १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. घरची स्थिती बेताची. वडील एका धर्मादाय संस्थेत नोकरीस होते. आईने केंब्रिजमध्ये इतिहासाचे अध्ययन केले होते. त्या काळी तेथे स्त्रियांना परीक्षेस बसता येई, पण पूर्ण पदवी मिळत नसे. ती मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. पदवीवाचून राहिलेल्या या विदुषीने आपली विद्या मुलाच्या उशाशी बसून खर्ची घातली. रोज रात्री ती त्याला इंग्लंडचा इतिहास गोष्टीच्या रूपाने क्रमाक्रमाने सांगे. आपण इतिहासकार झालो ते आईमुळे, अशी कृतज्ञ कबुली टॉयन्बी यांनी पुढे दिली. त्याच घरात आजोबांचे बंधू कॅप्टन हेन्री टॉयन्बी होते. हिंदुस्थानकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजांवर कप्तान म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे घालविली होती. आईकडून काळाचे आणि या वृद्ध नावाड्याकडून अंतराचे वेड, असा दुहेरी वारसा बालपणीच त्यांना लाभला.

शिष्यवृत्तीच्या बळावर ते विंचेस्टरच्या शाळेत आणि तेथून ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात गेले. ग्रीक आणि लॅटिन या भाषा त्यांच्या अंगवळणी पडल्या. पण पुस्तकांतला ग्रीस त्यांना पुरेना. १९११-१२ मध्ये पाठीवर पडशी टाकून ते ग्रीसच्या डोंगरदऱ्यांतून शेकडो मैल पायी हिंडले. रात्री गावच्या कॉफीगृहात गावकरी जमत आणि या इंग्रज तरुणाला त्याच्याच सरकारच्या परराष्ट्रधोरणाविषयी छेडीत. ऑक्सफर्डमध्ये जे कोणी शिकविले नव्हते, ते वर्तमान जगाचे राजकारण त्यांना प्रथम त्या मेंढपाळांच्या तोंडून कळले. याच भटकंतीत एका ओढ्याचे दूषित पाणी पिण्यात येऊन त्यांना आमांशाचा विकार जडला.

हा आजारच त्यांचा त्राता ठरला. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ते बेलियलमध्ये शिकवीत होते. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. त्यांच्या बरोबरीच्या विद्यार्थिमित्रांपैकी जवळजवळ निम्मे त्या युद्धात कामी आले. ओढ्याच्या ओंजळभर पाण्याने आपल्याला वाचविले, ही जाणीव त्यांना जन्मभर बोचत राहिली. मेलेल्यांच्या वाट्याचे कामही आपणच केले पाहिजे, अशा त्वेषाने त्यांनी पुढे लेखन केले.

युद्धकाळात ते सरकारी माहिती खात्यात होते. लॉर्ड ब्राइस यांच्या नेतृत्वाखाली आर्मेनियन लोकांच्या कत्तलींविषयीच्या साक्षी त्यांनी संकलित केल्या आणि १९१६ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील वेदना खरी होती. तथापि त्या साक्षी त्यांनी लंडनमध्ये बसून जमविल्या होत्या, आणि शत्रूचे अपराध नोंदविण्यास त्या वेळी राजसत्तेचा पाठिंबाही होता. त्यांची खरी कसोटी पुढेच होती.

१९१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात आधुनिक ग्रीक आणि बायझंटाइन इतिहासासाठी कोराइस अध्यासन स्थापन झाले. तेथे पहिले प्राध्यापक म्हणून टॉयन्बी यांची नेमणूक झाली. या अध्यासनाचा निधी प्रामुख्याने लंडनमधील धनिक ग्रीकांनी उभारला होता. त्याच वर्षी ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये उतरले आणि तुर्कांशी युद्ध जुंपले. १९२१ च्या आरंभी टॉयन्बी यांनी महाविद्यालयातून रजा घेतली आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्राचे वार्ताहर म्हणून ते युद्धभूमीवर दाखल झाले.

मार्मारा समुद्राकाठच्या यालोवा आणि गेमलिक या भागात त्यांनी जळालेली गावे पाहिली. ग्रीक सैन्य आणि त्याच्या आश्रयाने वावरणाऱ्या टोळ्या यांच्या अत्याचारांतून जीव वाचवून किनाऱ्यावर आलेले तुर्की शेतकरी, बायका आणि मुले त्यांना भेटली. पत्नी रोझालिंड बरोबर होत्या. उभयतांनी निर्वासितांना बोटींवर चढविण्याच्या कामी हातभार लावला आणि पाहिले ते टॉयन्बी यांनी वृत्तपत्राला जसेच्या तसे कळविले. मित्रराष्ट्रांच्या चौकशी आयोगालाही त्या वर्षी तेथे असेच आढळले होते. १९२२ साली त्यांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. तुर्कांचे पूर्वीचे अपराध त्यांनी त्यात झाकले नाहीत. ग्रीकांचेही झाकले नाहीत.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांच्या पैशावर अध्यासन उभे होते, ते खवळले. आमच्याच अन्नावर पोसलेला हा मनुष्य आमच्याच राष्ट्राची निंदा करतो, अशी त्यांची तक्रार होती. विद्यापीठात वाद माजला आणि अखेर १९२४ साली टॉयन्बी यांनी ते पद सोडले. वाचकहो, पस्तिशीच्या उंबरठ्यावरील, लेकुरवाळ्या प्राध्यापकाने मानाची जागा गमावणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पायवाटेने दाखविलेले सत्य आणि अध्यासनाने दिलेली भाकरी यांपैकी त्यांनी पहिल्याची निवड केली.

त्या रजेनेच त्यांना जन्माचे कार्यही दिले. सप्टेंबर १९२१ मध्ये इस्तंबूलहून परतताना आगगाडी बल्गेरियातून जात होती. खिडकीतून त्यांना कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या घातलेले शेतकरी दिसले. झर्क्सिसच्या सैन्यातील थ्रेसवासीयांच्या अशाच शिरस्त्राणाचे वर्णन हिरोडोटसने चोवीस शतकांपूर्वी केले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी कागदाच्या अर्ध्या तावावर डझनभर विषयांची टिपणे केली. तोच पुढे बारा खंडांत विस्तारलेल्या ‘इतिहासाचे अध्ययन’ या महाग्रंथाचा आराखडा ठरला. त्याचा पहिला भाग १९३४ साली आणि अखेरचा १९६१ साली निघाला. संस्कृती का जन्मतात, का वाढतात आणि का खचतात, याचा शोध त्यांनी त्यात घेतला. उपजीविकेची सोयही झाली होती. लंडनच्या आंतरराष्ट्रीय व्यवहार संस्थेत, म्हणजे चॅटम हाउसमध्ये, ते १९५५ पर्यंत जगाच्या घडामोडींचे वार्षिक समालोचन सिद्ध करीत राहिले.

येथवरचे चरित्र वाचून प्रवासाने मनुष्य सत्यदर्शी होतोच, असा निष्कर्ष कोणी काढील. पण आमच्या मते तो घाईचा ठरेल. फेब्रुवारी १९३६ मध्ये टॉयन्बी बर्लिनला व्याख्यानासाठी गेले असता हिटलरने त्यांना मुलाखतीस बोलाविले. भेट बराच वेळ चालली. युरोपात शांतता राहावी ही हिटलरची इच्छा प्रामाणिक आहे, असे मत घेऊन ते परतले आणि तसे टिपण त्यांनी वरिष्ठ वर्तुळांत पोहोचविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ७ मार्च रोजी, जर्मन सैन्य करार मोडून ऱ्हाइनलँडमध्ये घुसले.

डोळे तेच, बुद्धीही तीच. मग १९२१ मध्ये दिसलेले १९३६ मध्ये का दिसले नाही? आम्हांस याचे उत्तर एवढेच सुचते : पहिल्या वेळी ते धक्क्यावर निर्वासितांच्या घोळक्यात उभे होते, दुसऱ्या वेळी सत्ताधीशाच्या दिवाणखान्यात बसले होते. निर्वासिताला पाहुण्याचे मन जिंकायचे नसते. त्याला फक्त बोटीत जागा हवी असते. यजमान मात्र पाहुण्याला हवे तेच दाखवितो. आपल्या चीन-प्रवासाच्या १९३१ सालच्या पुस्तकाला टॉयन्बी यांनी जे उपशीर्षक दिले, ते दृश्य वस्तूंविषयी बोलणाऱ्या संत पौलाच्या शब्दांची आठवण करून देणारे आहे. दृश्य ते क्षणिक, असे प्रेषित करिंथकरांना बजावतो. बर्लिनमध्ये त्या इशाऱ्याचा या विद्वानाला विसर पडला असावा.

तरीही त्यांनी प्रवास थांबविला नाही. निवृत्तीनंतर, १९५६-५७ मध्ये, दुसऱ्या पत्नी व्हेरोनिका यांच्यासह त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. पेरू, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, जपान, भारत, पाकिस्तान आणि मध्यपूर्व अशी ती वाट होती. १९६० साली ते पुन्हा या बाजूस आले, अफगाणिस्तानच्या दुर्गम भागांत हिंडले आणि दिल्लीत मौलाना आझाद स्मृतिव्याख्याने दिली. पुढे सत्तरी ओलांडल्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे प्रवासही घडले. महाग्रंथावर पीटर गाइलसारख्या इतिहासकारांनी कठोर टीका केली, तेव्हा त्यांनी अखेरच्या खंडाला ‘पुनर्विचार’ असे नाव देऊन अनेक आक्षेपांची दखल घेतली आणि काही मते बदलली. २२ ऑक्टोबर १९७५ रोजी यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

आज प्रवास सोपा झाला आहे. आमच्या धर्मग्रामांतूनही रोम, लूर्द आणि जेरुसलेमच्या सहली निघतात, आणि वातानुकूलित बसमधून दहा दिवसांत चार देश होतात. त्यात वावगे काही नाही. परंतु मार्गदर्शकाने दाखविले तेवढेच पाहून परतणारा प्रवासी दिवाणखान्यातूनच परतलेला असतो. जो शिक्षक सुट्टीत गावोगाव हिंडतो, त्याने परत येऊन वर्गात छायाचित्रे अवश्य दाखवावीत. मात्र त्या गावाच्या वेशीबाहेर कोण राहते, हेही मुलांना सांगावे. ते सांगताना ज्यांच्या देणगीवर आपली खुर्ची उभी आहे त्यांना राग येईल काय, हा विचार मनात आला, तर १९२४ साल आठवावे.