नाव न लिहिलेला निबंध

मी उर्दू आणि मराठी शिकवते. मागच्या पावसाळ्यात मुलींची सहल भंडारदऱ्याला नेली होती. पाऊस थांबेना, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणीच मुलींना म्हटलं, घरातल्या एखाद्या बाईविषयी लिहा. एका कागदावर नाव नव्हतं. मजकूर असा होता : आपाच्या पगारावर घर चालतं, म्हणून तिच्या निकाहचा विषय कोणी काढत नाही.

मला विभावरी शिरूरकर आठवल्या. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह या नावाने आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलं होतं. मोठा गदारोळ झाला. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या शिक्षिका. पुढे मालतीबाई बेडेकर. 1934 च्या 'हिंदोळ्यावर' कादंबरीत तर त्यांनी नवऱ्यापासून दुरावलेल्या स्त्रीचं दुसऱ्या पुरुषाशी असलेलं नातं मांडलं.

उर्दूतही हेच घडत होतं. अलीगढच्या जाहिदा खातून शेरवानिया 'जे. खे. शीन.' एवढ्या आद्याक्षरांवर कविता छापत. नज्र सज्जाद हैदर आधी 'बिन्त-ए-नज्रुल बाकर', म्हणजे अमक्यांची मुलगी, म्हणून लिहीत. 1932 च्या 'अंगारे'त डॉ. रशीद जहाँ यांनी स्वतःचं नाव दिलं. त्यांना धमक्या आल्या आणि 1933 मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तकच जप्त केलं. बुरखा फक्त आमच्याकडे होता असं म्हणणाऱ्यांनी हे 1933 साल आठवावं. पुण्यातल्या ब्राह्मण शिक्षिकेलाही टोपणनावाचा पडदा घ्यावा लागला होता.

मालतीबाई तिथेच थांबल्या नाहीत. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांनी नोकरी केली. 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची ती तारेच्या कुंपणातली वस्ती. त्या अनुभवातून 1950 साली 'बळी' ही कादंबरी आली. अख्ख्या समाजावर शिक्का बसला की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण त्या शिक्क्याखाली घरातल्या बाईचं दुःख झाकून टाकायची सवयही आपल्याला आहे. मालतीबाईंनी दोन्ही लिहिलं.

अक्षरावरून मुलगी मी ओळखली होती. परतीच्या गाडीत ती हळूच म्हणाली, "टीचर, नाव टाकू का?"

मी म्हटलं, "तुला वाटेल तेव्हा टाक, बेटा. लिहिणं मात्र थांबवू नकोस."