चंपीचा शाम्पू

सलूनच्या दरपत्रकावर 'हेड मसाज' आणि 'शाम्पू' अशा दोन ओळी असतात, पैसेही वेगळे. खरं तर दोन्हीचं काम मुळात एकाच शब्दाकडे होतं.

हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, रगडणं. चंपी त्याच घरातली. आपलं 'चापणे'ही याच गोतातलं. 'चाँप' असं फर्मावायचं रूप 'चाँपो'. अठराव्या शतकात साहेबलोकांनी ते उचललं आणि त्याचा 'शाम्पू' केला. तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडून घेणं. केसांचा, फेसाचा संबंधच नव्हता.

पुढची करामत पाटण्याच्या शेख दीन महंमद यांची. लंडनमध्ये 1810 साली काढलेलं त्यांचं हिंदुस्थानी खाणावळीचं दुकान बुडालं, तेव्हा ते ब्रायटनला गेले आणि मालिशवर पैसा कमावला. गिऱ्हाइकाला फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचं, औषधी वाफ द्यायची आणि तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात घालून त्याचं अंग रगडायचं! संधिवाताने जखडलेले उमराव रांग लावत. इंग्लंडचा राजा चौथ्या जॉर्जच्या पदरी ते चक्क 'शाम्पूइंग सर्जन' होते. मग एकोणिसाव्या शतकातच अर्थ अंगावरून डोक्यावर सरकला आणि शेवटी बाटलीत शिरला.

चंपीची सोबतीण 'मालिश' फारसीतून आली, 'मालीदन' म्हणजे चोळणे. 'प्यासा' चित्रपटातल्या (1957) जॉनी वॉकरने तिला चंपीशेजारी बसवलं. आता गाड्या धुवायलाही शाम्पू मिळतो. चंपी मात्र या नावाने दरपत्रकावर सहसा नसते. दाढी झाल्यावर कारागीर हळूच विचारतो, ''चंपी करू का, साहेब?''